बेल्ट थरथरतोय म्हणून इंजिन हलतंय, की इंजिन हलतंय म्हणून बेल्ट?

माझी गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर, बऱ्यापैकी पळालेली. दोन तक्रारी एकदमच सुरू झाल्या. सकाळी स्टार्ट केली की बॉनेटखालून चीं चीं असा आवाज काही सेकंद यायचा, आणि गाडी गरम झाल्यावर सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग हातात थरथरायचं, आरपीएमचा काटा ६०० ते ९०० मधे वरखाली करत राहायचा. गॅरेजमधे दाखवली तर त्यांनी बॉनेट उघडलं, बेल्ट फडफडतोय हे दाखवलं, म्हणाले फॅन बेल्ट गेलाय, बदलू. बदलला. थोडे दिवस आवाज बंद होता, मग परत सुरू, आणि थरथर तर एक दिवसही कमी झाली नाही. तेव्हा ठरवलं की आता स्वतः बघायचं, शांतपणे, एकेक गोष्ट बाजूला काढत. त्यात जे जे कळलं ते सगळं इथे लिहितेय कारण या दोन तक्रारी एकत्र आल्या की बहुतेक जण घोळात पडतात आणि भलताच पार्ट बदलून बसतात.

आधी हा बेल्ट कुठला ते नीट समजून घ्या. सगळे त्याला फॅन बेल्टच म्हणतात पण आजकालच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा फॅन इलेक्ट्रिक असतो, हा बेल्ट अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), एसीचा कॉम्प्रेसर, काही गाड्यांत पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवतो. बाहेरून दिसतो, आतल्या बाजूला उभ्या रेघा म्हणजे रिब असतात. टायमिंग बेल्ट वेगळा, तो कव्हरच्या आत असतो, त्याला दात असतात, आणि त्याला या सगळ्या प्रकारात हात लावायचा नाही. तो एक दात जरी सरकला तरी आयडल, म्हणजे गाडी उभी असताना रेस न देता इंजिन चालतं ते, बिघडतं आणि काही इंजिनांत तर तो तुटला किंवा उडाला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. खाली जिथे जिथे बेल्ट म्हटलंय तिथे बाहेरचाच समजा.

आता मूळ घोळ काय आहे ते सांगते. चार सिलिंडरचं इंजिन ७५० आरपीएमला सेकंदाला २५ वेळा फायर होतं, म्हणजे कुठल्यातरी सिलिंडरमधे पेट्रोल पेटतं. त्यातला एखादा फायर कमजोर झाला तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, तेवढ्यापुरता मंदावतो आणि पुढच्या फायरला परत झटका खातो. पण अल्टरनेटर क्रँकच्या अडीच-तीन पट वेगाने फिरत असतो आणि त्याचा रोटर जड असतो, तो असा क्षणात मंदावायला तयार नसतो. मग मधल्या बेल्टची ओढाताण होते, एक बाजू सैल पडते, दुसरी ताणली जाते, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा हात थडथड हलायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं बेल्टच खराब आहे. उलटही होतं बरं का, अल्टरनेटर किंवा कॉम्प्रेसरचं बेरिंग अडकत असेल तर तो इंजिनावर असमान भार टाकतो आणि आयडल खरंच खराब होतं. म्हणजे फडफडणारा बेल्ट हे कारण पण असू शकतं आणि लक्षण पण, आणि नुसतं बघून ते सांगता येत नाही. ते वेगळं काढायचं हेच खरं काम.

काम सुरू करताना काही गोष्टी मी अजिबात टाळत नाही. हँडब्रेक, न्यूट्रल, चाकाला उटी. गाडी मोकळ्या हवेत उभी, बंद जागेत इंजिन चालू ठेवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओढणी नाही, सैल बाही नाही, वेणी वर घट्ट बांधलेली, बांगड्या-अंगठी काढून ठेवलेली. रेडिएटरचा फॅन इंजिन बंद असताना पण अचानक सुरू होऊ शकतो म्हणून हात तिकडे न्यायचा असेल तर किल्ली खिशात. मदतीला धाकटा भाऊ होता, त्याला सीटवर बसवलं आणि सांगून ठेवलं की मी म्हणेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही.

पहिली टेस्ट पाण्याची. इंजिन थंड असताना स्टार्ट करायचं, आवाज सुरू झाला की स्प्रेच्या बाटलीतून साधं पाणी बेल्टच्या रिबच्या बाजूला थोडंसं मारायचं, लांबून, हात फिरत्या भागाजवळ न नेता. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बहुधा पुली, म्हणजे बेल्ट ज्यांच्यावरून जातो ती चाकं, एका रेषेत नाहीत. आवाज उलट वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी पडतोय. माझा आवाज चांगलाच वाढला, भाऊ आतून ओरडला, ताई काय केलंस! म्हणजे नवा बेल्ट असूनही ताण कमी. आणि आवाज सकाळीच का, तर स्टार्टरने बॅटरीतून बराच करंट ओढलेला असतो, तो भरून काढायला अल्टरनेटर सुरुवातीला सगळ्यात जास्त जोर लावतो, तेव्हाच सैल बेल्ट घसरतो. गाडी चालू असताना एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं एकदम लावलं तरी तोच आवाज काढता येतो.

मल्टिमीटर असेल तर हे आकड्यात पण दिसतं. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी, बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असायला हवी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५. माझी नुसत्या आयडलला १४.२ दाखवत होती पण सगळे लोड टाकले की १३.१ पर्यंत खाली येऊन आकडा सारखा नाचत होता, आणि त्याच वेळी चीं चीं. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच चार्जिंग मुद्दाम कमी करतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून निकाल लावू नका, पण आवाज आणि व्होल्टेज एकत्र पडतायत म्हटल्यावर शंका राहिली नाही.

मग टेन्शनर. माझ्या गाडीत स्प्रिंगवाला ऑटोमॅटिक टेन्शनर आहे, ताण हाताने सेट करायचा नसतो. त्याच्या हातावर एक खूण असते आणि बेसवर दोन खुणा, हाताची खूण त्या दोघींच्या मधे असायला पाहिजे. ही खूण बघायला टॉर्च आणि छोटा आरसा लागला, कारण ती वरून दिसतच नाही. माझी खूण मर्यादेच्या पार पलीकडे गेलेली, हात जवळजवळ स्टॉपरला टेकलेला. म्हणजे स्प्रिंगला अजून ओढायला जागाच शिल्लक नव्हती. नवीन बेल्टवर असं का व्हावं?

उत्तर बेल्टच्या पाठीवर छापलेलं होतं. अशा बेल्टवर ६पीके१७४० सारखा नंबर असतो, त्यातला ६ म्हणजे सहा रिब, पीके म्हणजे रिबचा प्रकार, आणि पुढचा आकडा म्हणजे लांबी मिलिमीटरमधे. माझ्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे लागतो १७४०, आणि बसवलेला होता १७६५. पंचवीस मिलिमीटर जास्त. हाताने दाबून बघितलं तर काही वावगं वाटत नाही, बसतोही व्यवस्थित, पण टेन्शनर आपली सगळी चाल तेवढा ढिलेपणा खाण्यातच संपवतो आणि लोड आला की बेल्ट घसरतो. बेल्ट बदलून घेतलात तर जुना बेल्ट मागून घ्या आणि दोन्ही नंबर शेजारी ठेवून वाचा, एवढं तरी प्रत्येकाने करावं असं मला अगदी मनापासून वाटतं. आवाज बंद करायला बेल्टवर मारायचा स्प्रे मिळतो, तो मारू नका, आवाज काही वेळ दबतो पण चिकट थरावर धूळ बसते आणि खरं कारण लपून राहतं.

ज्यांच्या गाडीत टेन्शनर नसून अल्टरनेटरच खोबणीत सरकवायचा असतो त्यांच्यासाठी इथेच सांगते. सगळ्यात लांब मोकळ्या भागाच्या मधोमध अंगठ्याने साधारण १० किलोच्या जोराने दाबायचं आणि किती दबतो ते पट्टीने मोजायचं, बऱ्याच गाड्यांत हे ८ ते १२ मिलिमीटरच्या आसपास येतं पण आकडा आपल्या मॅन्युअलचाच घ्यायचा. खालचा पिव्हट बोल्ट आणि लॉक बोल्ट दोन्ही सैल करून मग अॅडजस्टरचा बोल्ट फिरवायचा, फक्त एक सैल करून पहारीने ओढत बसू नये, अल्टरनेटरची बॉडी अॅल्युमिनियमची असते. आणि घट्ट तेवढं बरं असं अजिबात नाही, जास्त ताणलेल्या बेल्टने अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेरिंग जातं.

चीं चीं चं कारण कळलं, पण थरथर? इथे बहुतेक लोक थांबतात, नवा बेल्ट मागवतात आणि वाट बघतात. माझ्या मते इथेच सगळ्यात महत्त्वाची टेस्ट करायची, बेल्ट काढून इंजिन चालवायचं. तो काढायच्या आधी बेल्ट कुठून कसा गेलाय त्याचा फोटो काढून ठेवा, बॉनेटखाली स्टिकर असला तरी. किल्ली बाहेर, इंजिन हात लावण्याइतकं निवलेलं पण पूर्ण गार नको, कारण गार इंजिनला कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल देतो आणि दोष झाकला जातो. टेन्शनरला रॅचेटचा चौकोनी भाग बसायला जागा असते, त्यात घालून हात ओढून धरायचा, जी पुली गुळगुळीत आहे तिच्यावरून बेल्ट आधी सरकवायचा, मग हात हळूहळू सोडायचा. झटक्यात सोडला तर बोटं सापडतात.

बेल्ट निघाल्यावर लगेच स्टार्ट करू नका, ही संधी परत परत येत नाही, प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. चांगलं बेरिंग फिरवलं की एखाद-दोन फेऱ्या घेऊन गप थांबतं, आतलं ग्रीस त्याला धरून ठेवतं. ज्यातलं ग्रीस संपलंय ते सुर्रकन बराच वेळ फिरत राहतं आणि कान जवळ नेला तर बारीक खरखर ऐकू येते, लोकांना वाटतं किती मस्त फिरतंय! पाण्याच्या पंपाची पुली धरून वरखाली हलवायची, जरा जरी खेळली तरी पंप गेला समजा. काही गाड्यांत अल्टरनेटरला एकाच दिशेला पकडणारी पुली असते, ती दोन्हीकडे सारखीच घट्ट झाली तर आयडलला टेन्शनर वेड्यासारखा नाचतो. माझ्या गाडीत साधी पुली आहे त्यामुळे तो प्रश्न नव्हता. आणि क्रँकची पुली, तिच्यात आतला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामधे रबर असतं, ते सुटलं की बाहेरची कडी सरकते. दोन्ही भागांवरून एक सरळ रेघ मी नेलपेंटने ओढून ठेवली, पुढे गाडी चालवल्यावर बघितलं तर रेघ सलग होती. तुटलेली दिसली असती तर पुली बदलायची होती.

मग भावाला सांगितलं, कर स्टार्ट. बेल्टशिवाय इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवायचं, पंप या बेल्टवर असेल तर पाणी फिरत नाही म्हणून जास्त वेळ नाही. बॅटरीचा लाल दिवा लागतो, त्याने घाबरायचं कारण नाही, अल्टरनेटर फिरत नाहीये एवढंच. पॉवर स्टिअरिंगचा पंप या बेल्टवर असेल तर स्टिअरिंग जड होतं. गाडी हलवायची मात्र नाही. माझं इंजिन अगदी तसंच थरथरत होतं, काटा तसाच ६०० ते ९००. बेल्ट नाही, अल्टरनेटर नाही, कॉम्प्रेसर नाही, तरी थरथर आहेच, म्हणजे दोष इंजिनाच्या आत हवा, पेट्रोल किंवा स्पार्कमधे. बेल्ट काढल्यावर इंजिन गुळगुळीत चाललं असतं तर मी पुली एकेक करून बघत बसले असते. या अर्ध्या मिनिटाने अख्खी दिशा ठरते.

पुढचं काम स्कॅनरचं. ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारा) स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधे लावायचा, मोबाईलवर अॅप. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला नव्हता, तरी पेंडिंगमधे, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या दोषांत, एक कोड दिसला, पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त पेट्रोल कमी. दिवा नाही म्हणजे कोड नाही असं नसतं, पेंडिंग कोड आवर्जून बघा. पी०३०० असता तर कुठल्याही सिलिंडरला मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं, पी०३०१ ते पी०३०४ असता तर त्या त्या नंबरच्या सिलिंडरला. तसा एकच सिलिंडर दिसला असता तर मी त्याची कॉइल (प्लगला स्पार्कचा करंट देणारी) शेजारच्या सिलिंडरला लावून बघितली असती, कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

तरी प्लग काढून बघितलेच, इंजिन थंड असताना. चारही सारखेच, फिकट तपकिरी, गॅप मॅन्युअलप्रमाणे. एक काळा, एक ओला असं काही नाही. चौघेही सारखे म्हणजे जे काही बिघडलंय ते चौघांना मिळून आहे.

आणि इथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो हा आकडा. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताचा, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेला, दोघांची बेरीज बघायची. गरम इंजिन, आयडलला माझी बेरीज +२३ टक्के, आणि रेस देऊन २५०० आरपीएमला धरलं की +५. हा फरकच सांगून जातो. कुठल्यातरी फटीतून ठराविक हवा आत येतेय, आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं म्हणून ती चोरटी हवा जाणवते, रेस दिल्यावर एकूण हवा इतकी वाढते की ती किरकोळ ठरते. उलट झालं असतं, आयडलला ठीक आणि रेसला प्लस, तर मी पेट्रोल पंप, फिल्टर किंवा घाण झालेल्या एअर सेन्सरकडे वळले असते. हे सगळं एअर फ्लो सेन्सरवाल्या, म्हणजे आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या गाडीचं. ज्यात फक्त मॅनिफोल्डचा (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या नळीचा) प्रेशर सेन्सर असतो तिथे अशी गळती ट्रिममधे एवढी दिसत नाही, तिथे बऱ्याचदा आयडलच चढलेलं राहतं.

फट शोधायला बरेच जण कार्ब क्लीनर मारतात, तो पेटतो, गरम एक्झॉस्टशेजारी मी ते केलं नाही. मी व्हॅक्युमचे पाइप एकेक करून दाबले, पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळून हलक्या हाताने, आणि मोबाईल समोर ठेवून शॉर्ट टर्मचा आकडा बघत राहिले. जुना कडक पाइप दाबताना तडकू शकतो म्हणून जोर करायचा नाही. ब्रेक बूस्टरचा पाइप दाबला, फरक नाही. पेट्रोलच्या वाफा घेणारा पाइप दाबला, फरक नाही. इंजिनच्या वरच्या कव्हरमधून मॅनिफोल्डला जाणारा पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातल्या तेलकट वाफा परत आत ओढणारा पाइप मॅनिफोल्डच्या बाजूला दाबला आणि आकडा धाडकन मायनसमधे गेला, इंजिनचा आवाजच बदलला, आतून भाऊ म्हणाला अगं काटा थांबला!

पाइप काढून हातात घेतला तर वरून अगदी चांगला. वाकवला तेव्हा कोपराच्या खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर उघडली, कडेला तेलाने काळी मऊ झालेली. सरळ असताना ती मिटून बसते, गरम होऊन रबर मऊ पडलं आणि आतून व्हॅक्युमने ओढलं की उघडते, म्हणून थंडपणी गाडी बरी आणि गरम झाली की खराब. टेप गुंडाळून चालत नाही, तेलाने गोंद सुटतो. नवीन पाइप घातला, क्लॅम्प नवे घातले.

हाताशी होतंच म्हणून थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारी झडप, पण साफ केली, प्लेटच्या कडेला काळा थर होता. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर किल्ली ऑन असताना प्लेट बोटाने ढकलू नका, आतले गिअर खराब होतात, शिवाय बोट चिमटतं. साफ केल्यावर आयडल थोडे दिवस चढं राहू शकतं कारण कॉम्प्युटरला जुन्या कचऱ्यासकट सवय झालेली असते, शिकवायची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी, मॅन्युअल बघून करा.

१७४० चा बेल्ट आला तो बसवला, टेन्शनरची खूण दोन रेघांच्या बरोबर मधे आली. जुना परत लावला नाही, घसरून घसरून त्याच्या रिब चकाकायला लागल्या होत्या. आता आयडल ७५० ला स्थिर आहे, दहा-वीसचा फरक सोडला तर. कोड पुसल्यावर ट्रिमची बेरीज हळूहळू +४ वर येऊन थांबली. सगळे लोड टाकले तरी व्होल्टेज १३.९ च्या खाली येत नाही, चीं चीं नाही. टेन्शनरचा हात आता बघितला तर जेमतेम हलतो, आणि यातला बराचसा फरक मला पाइप बदलल्यावरच दिसला होता, लांब बेल्ट अजून गाडीतच होता तेव्हा.

एक गोष्ट राहिलीये. एसी लावला की केबिनमधे थोडी घरघर अजून जाणवते, पण स्कॅनरवर आरपीएम स्थिर आहे, ट्रिम ठीक आहे, मिसफायर नाही. इंजिन नीट चालतंय आणि बॉडीला कंप येतोय म्हणजे इंजिन माउंटचं, म्हणजे इंजिन ज्या आधारांवर बसवलेलं असतं त्यांचं, रबर बसलं असणार. उजव्या बाजूच्या माउंटला टॉर्च मारून बघितलं तर रबरावर आडवी भेग दिसतेय, भेगेची खोली अजून तपासायचीये. इंजिनला खालून लाकडी ठोकळा आणि जॅकचा आधार दिल्याशिवाय त्या बोल्टला हात लावायचा नाही, त्यामुळे ते काम भाऊ परत मोकळा असेल तेव्हा.